चहा कोण गाळणार? डिस्प्रॅक्सिया असलेल्या प्रौढांचा गट उभारताना

पातेल्यातला चहा कपात गाळणे दिसते तितके सोपे काम नाही. एका हातात सांडशी, दुसऱ्यात गाळणे. पातेले रिकामे होईल तसे वजन उतरते, चोथ्याने गाळणे तुंबते आणि नजर कपाच्या काठावर ठेवावी लागते. पुढच्या क्षणी हाताला काय जाणवेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्यावर पकड सैल-घट्ट करतो. डिस्प्रॅक्सियात, म्हणजे हालचालींचा मेळ जमवण्यातल्या लहानपणापासूनच्या अडचणीत, हा अंदाज कच्चा राहतो, असे बरेच संशोधक मानतात. स्नायूंत जोर असतो, बुद्धीही शाबूत असते. पण इतरांची जी हालचाल सवयीने आपोआप होते, ती इथे दर वेळी लक्ष देऊन करावी लागते. त्यात कुणी बोलायला लागले, की चहा ओट्यावर.

शाळकरी वयात ५ ते ६ टक्के मुलांत हा दोष आढळतो. पुष्कळांत तो मोठेपणीही टिकतो, फक्त त्याला 'वेंधळा', 'धांदरट', 'हाताला वळण नाही' अशी नावे पडतात. अशा प्रौढांचा गट आपल्या गावात सुरू करताना एक पेच आधीच ओळखावा. बैठक भरवायला वेळेचा अंदाज, कामांचा क्रम, रस्त्याचे भान, ऐकता ऐकता लिहिणे, एवढे सगळे लागते आणि नेमके तेच इथे अवघड असते. एकट्याने गट काढला तर तो बहुधा या ओझ्यानेच बसतो.

म्हणून सुरुवातीलाच तिघे हवेत. एकाने जागा पाहावी, एकाने निरोप द्यावेत, एकाने बैठक चालवावी. टिपणे घ्यायला चौथा मिळाला तर उत्तम, कारण बोलणाऱ्यानेच लिहायला घेतले की दोन्ही बिघडते. सहा-आठ जण पुरेत. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी ११ ते १२.१५, खोली तीच. 'या वेळी कधी जमेल?' असे विचारत बसलात, की तिसऱ्या महिन्यात गट संपला म्हणून समजा. निरोप तीनदा द्यावा: आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि दोन तास आधी. पहिल्यात फक्त तारीख-वेळ, दुसऱ्यात रस्ता, तिसऱ्यात नुसती आठवण. रस्त्याचे फोटोच पाठवावेत: स्टेशनचा जिना, रिक्षा स्टँड, फाटक, मजला. मोबाइलवरचा नकाशा आपल्या दिशेशी जुळवून घेणे अनेकांना जड जाते.

खोलीत सतरंजी नको, खुर्च्या हव्यात. हात असलेल्या आणि बिनचाकांच्या. समोर कोपर टेकायला टेबल असावे. चहाचा ट्रे फिरवू नये. अर्धे भरलेले कप जागेवर ठेवावेत. नावांच्या चिठ्ठ्या छापूनच आणाव्यात. आणि ओळखीसाठी चेंडू फेकण्याचा तो खेळ, जो शिबिरांत हटकून पहिला असतो, तो कृपा करून नको.

प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचे नाव आहे खरे, पण २०१८च्या नियमावलीतली तपासणी वयाच्या ८, १४ आणि १८व्या वर्षांभोवती बेतलेली होती. लहानपणी कुणी तपासलेच नाही, तर चाळिशीतला माणूस कागद आणणार कुठून? एक प्रश्न मात्र विचारावाच: हे लहानपणापासून आहे का? बुटाची नाडी, सायकल, अक्षर, शर्टाची बटणे. धडपड अलीकडेच सुरू झाली असेल तर तो डिस्प्रॅक्सिया नव्हे. आधी मेंदूविकारतज्ज्ञ, गट नंतर.

मुलांचे पालकही येऊ पाहतात. त्यांची गरज खरी, पण ते आले की गप्पा शाळेकडे वळतात आणि मोठी माणसे गप्प होतात. त्यांना वेगळा दिवस द्यावा.

बैठकीतली वीस मिनिटे एका कामाला द्यावीत. कॅनडातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांनी) रुळवलेली चौकडी इथे उपयोगी पडते: ध्येय, बेत, कृती, पडताळा. ध्येय, न सांडता दोन कप चहा. पहिला बेत बहुधा 'सावकाश ओतायचे' असा असतो आणि तो फसतो, कारण दोन्ही हात वेगवेगळ्या कामांत अडकलेलेच राहतात. पडताळ्यात ते उमगले की बेत बदलतो: गाळणे रुंद भांड्यावर टेकवायचे, सगळा चहा आधी त्यात गाळायचा आणि मग ओगराळ्याने कपात घ्यायचा. कप ताटात ठेवलेले. आता एका वेळी एकच काम. ही युक्ती त्या माणसालाच सापडू द्यावी. बाकीच्यांची जीभ शिवशिवते आणि पाच जण पाच सल्ले देतात, तिथेच हा प्रयोग बहुतेकदा फसतो.

पैशाचे म्हणाल तर खर्च खोलीचे भाडे आणि चहा-बिस्किटे एवढाच ठेवावा. ब्रिटनमधली डिस्प्रॅक्सिया फाउंडेशन ही संस्था १९८७ पासून चालली, पण तीही २०२४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, पुढे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब आणि कागदपत्रे. कागदांचा क्रम सांभाळणे हाच ज्यांचा त्रास आहे, त्यांनी पहिले वर्षभर तरी त्या वाटेला जाऊ नये.