बित-कथा

‘बित’ या रशियन शब्दाचा अर्थ रोजचा रहाटगाडा: घर, स्वयंपाक, पगार, शेजारी, दुकानापुढची रांग. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सोव्हिएत संघ कोसळेपर्यंत या जगण्यावर लिहिल्या गेलेल्या रशियन कथा-दीर्घकथांना हे नाव चिकटले. श्रमवीरांच्या गाथा हव्या असलेल्या समीक्षकांना हे विषय क्षुल्लक वाटत. युरी त्रिफोनोव्ह (१९२५–८१) यांना मात्र हे नावच खटके. आपण जगण्याबद्दल लिहितो, असे ते म्हणत.

त्यांची ‘अदलाबदल’ (१९६९) ही या प्रवाहातली सर्वांत भेदक दीर्घकथा म्हणावी लागेल. शहरातली बहुतेक घरे सरकारी. ती विकता येत नसत, पण भाडेकरूंना आपापसांत बदलता येत. मॉस्कोतल्या दमित्रीयेवची आई कर्करोगाने आजारी पडते, तेव्हा सासूशी कधीच न पटलेली लेना एकाएकी सुचवते, की दोन्ही खोल्या देऊन एक मोठे घर घेऊ आणि सगळे एकत्र राहू. सासूच्या पश्चात तिची खोली हातची जाईल, हा त्यामागचा हिशेब. आई आधी नकार देते. तुझी अदलाबदल तर केव्हाच होऊन गेली, असे मुलाला सांगते. मग तयार होते. लेनाला खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण एका खोलीतला तिघांचा संसार आणि पडद्याआड झोपणारी मुलगी लेखक वाचकाला विसरू देत नाही.

त्याच वर्षी, ‘अदलाबदल’ छापणाऱ्या ‘नोव्ही मीर’ या मासिकातच नताल्या बारान्स्काया यांची ‘नेहमीसारखाच एक आठवडा’ आली. प्रयोगशाळेत काम करणारी, दोन मुलांची आई ओल्गा हिच्या हाती प्रश्नावली येते: तुमचा वेळ कशात जातो? सोमवार ते रविवार ती धावत राहते आणि पट्ट्याचा तुटलेला आकडा शिवायचे राहून जाते. स्त्री-पुरुष समानतेच्या घोषणांपुढे तो आकडा फार बोलका आहे.

वासिली शुक्शिन यांनी सायबेरियातल्या अल्ताई भागातली गावाकडची विक्षिप्त, हळवी माणसे रंगवली. ल्युदमिला पेत्रुशेव्हस्काया यांची भाषा शेजारणीच्या एका दमात चाललेल्या बोलण्यासारखी, आणि तिच्यात दिलाशाला जागा नसल्यामुळे त्यांच्या कथा वर्षानुवर्षे अडकून पडत. ‘आपला गोतावळा’ ही १९७९मध्ये लिहिलेली कथा छापून आली १९८८मध्ये. सेर्गेई दोव्लातोव्ह यांचे लेखन मायदेशात टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरले; ते १९७८मध्ये देश सोडून गेले. ‘सूटकेस’ (१९८६) या त्यांच्या पुस्तकात सोबत नेलेल्या एकेका कपड्याची एकेक कथा आहे. पहिली आहे मोज्यांची: चोरट्या मार्गाने आणलेले फिनलंडचे मोजे विकून चार पैसे मिळवावेत, तर तोवर दुकाने तसल्याच देशी, स्वस्त मोज्यांनी भरून जातात.