मेंदूतील गाठीच्या उपचारानंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र : नागपुरातील अर्जदारांसाठी माहिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या सूचीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, परंतु त्यांत मेंदूतील गाठीचे नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्र गाठीसाठी मिळत नाही. शस्त्रक्रिया व रेडिएशननंतर शरीरात कायम राहिलेल्या उणिवेसाठी मिळते. एका बाजूच्या हातापायांतील अशक्तपणा चलनवलनविषयक दिव्यांगत्वात मोजला जातो, पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे गेलेली नजर दृष्टिदोषात, श्रवण मज्जातंतूच्या गाठीनंतरचा बहिरेपणा श्रवणदोषात, तर शब्द न सापडणे वाचा व भाषा दिव्यांगत्वात. एकाहून अधिक उणिवा असतील तर त्या सर्व अर्जात नोंदवाव्यात. फिट आणि सततचा थकवा यांना सूचीत स्वतंत्र स्थान नाही, आणि रुग्णाचे रोजचे जगणे यांनीच सर्वाधिक अडते, ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांसाठीचे विशिष्ट ओळखपत्र) विनाशुल्क भरता येतो. शस्त्रक्रिया धंतोलीतील खासगी रुग्णालयात झालेली असली, तरी प्रमाणपत्र शासकीय यंत्रणेकडूनच घ्यावे लागते. अर्ज भरताना पोर्टलवरील यादीतून रुग्णालय निवडायचे असते. मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत आधी उपचार झाले असतील, तर तेथील केसपेपर जपून ठेवावेत. रुग्णाला स्वतः अर्ज करणे शक्य नसल्यास पालकाला त्याच्या वतीने करता येतो.

आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा व अलीकडचे छायाचित्र यांसोबत डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे एमआरआय आणि उणिवेनुसार दृष्टिक्षेत्र तपासणी किंवा ऑडिओग्राम (श्रवण तपासणीचा आलेख) जोडावा. तपासणीच्या दिवशी मूळ कागद सोबत असावेत. मात्र एमआरआयमध्ये गाठ निघालेली दिसते, शर्टाची बटणे लावता न येणे दिसत नाही. म्हणून आंघोळ, जेवण, जिना, एकट्याने बाहेर जाणे, यांपैकी कशाला कोणाची मदत लागते हे घरच्यांनी आधी लिहून न्यावे आणि रुग्णाने डॉक्टरांसमोर सवयीने ‘सगळं ठीक आहे’ असे म्हणू नये. वाढवून सांगणे चुकीचे आहे, पण आपल्याकडे लपवण्याचीच सवय जास्त आणि त्यात नुकसान रुग्णाचेच होते.

उपचार सुरू असताना किंवा सुधारणा अपेक्षित असताना मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाऊ शकते. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. त्यात एसटी प्रवासभाड्यातील 75 टक्के सूट, उत्पन्नाची अट पूर्ण होत असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट येते; 80 टक्क्यांपासून ही वजावट 1,25,000 रुपये होते. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत. निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.