मापनशैली, संगणकीय आरेखनातील

संगणकावर काढलेल्या तांत्रिक आरेखनात मापे कशी दिसावीत याचे नियम एका नावाखाली साठवून ते हव्या त्या मापांना, आणि पुढच्या आरेखनांतही, लावण्याची पद्धत. कचेऱ्यांत व कारखान्यांत हिला ‘डिम स्टाईल’ म्हणतात. मापरेषा, विस्ताररेषा (वस्तूच्या कडेपासून मापरेषेपर्यंत येणारी रेषा), बाणाग्र आणि आकडा हे मापाचे चार घटक. अक्षरांची उंची, बाणाचा प्रकार व लांबी, आकड्याची जागा, दशांश स्थळे, एकक, रंग अशा साठाहून अधिक बाबी शैलीत नोंदता येतात. प्रत्यक्ष माप मात्र कोणत्या दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे आणि ते कोणत्या शैलीत दाखवायचे एवढेच लक्षात ठेवते. त्यामुळे शैलीतील एक नोंद बदलली की तिच्यावर बेतलेली सगळी मापे एकदम बदलतात. या नोंदीत मुख्यतः ‘ऑटोकॅड’ या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीमधील व्यवस्था विचारात घेतली आहे; ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, ड्राफ्टसाइट या प्रणालींनी थोड्याफार फरकाने तीच उचलली आहे.

उगम : या कल्पनेचे मूळ निरनिराळ्या ठिकाणी दाखवता येते. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधात मापरेषांचे उदाहरण आहे. तेथे बाणांमधला आकडा टोकांमधील अंतराला बांधलेला असतो आणि अंतर बदलले की तोही बदलतो. एकदा केलेल्या मूळ आकृतीच्या अनेक प्रती वापरून मूळ बदलताच सर्व प्रती बदलण्याची सोयही त्यात होती. या दोहोंत मापनशैलीचे बीज शोधणे शक्य आहे. दुसरे मूळ अक्षरजुळणीत दाखवता येते. मजकूर वेगळा व त्याची मांडणी वेगळी ठेवणाऱ्या, १९८० च्या सुमाराच्या ‘स्क्राइब’सारख्या प्रणालींत नामांकित शैली होत्याच, आणि ऑटोकॅड त्यानंतरचे आहे.

साम्य दोन्हीकडे दिसते. पण ऑटोकॅडची अंतर्गत रचना पाहता तिसरे, बरेच साधे स्पष्टीकरण अधिक पटते. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत माप काढले की रेषा, बाण आणि आकडा सुटेसुटे पडत. एकसंध, वस्तूबरोबर ताणता येणारे माप साधारण १९८७ च्या सुमारास आले. या सर्व काळात मापाचे रूप ठरत असे ते ‘डिम’ने सुरू होणाऱ्या चलांच्या, म्हणजे एकेक नेमणूक साठवणाऱ्या नावांच्या, किमतींवरून : अक्षरांच्या उंचीसाठी एक, बाणाच्या लांबीसाठी एक, वस्तूपासूनच्या फटीसाठी एक. आरेखक या किमती दर वेळी टंकित करीत किंवा स्क्रिप्ट फाइलमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, लिहून ठेवत. ऑटोलिस्प ही ऑटोकॅडमधली प्रोग्रॅमिंगची भाषा आल्यावर त्यासाठी छोटे कार्यक्रम लिहिले जाऊ लागले. नमुना आरेखन, म्हणजे ज्याची प्रत काढून नवे काम सुरू करायचे ते कोरे आरेखन, हाही एक मार्ग होता. १९९० च्या अकराव्या आवृत्तीत या किमतींचा संच नाव देऊन साठवण्याची व परत आणण्याची सोय झाली. डीएक्सएफ या, आरेखनांची देवाणघेवाण करण्याच्या फाइलमधील मापनशैलीचा तक्ता उघडून पाहिला तर त्यात एक नाव आणि त्याखाली तेच जुने चल ओळीने सापडतात. वेगळी अशी संकल्पनात्मक रचना दिसत नाही. आरेखकांच्या गरजेतून चलांची गाठोडी बांधली गेली आणि पुढे त्यांना शैली म्हटले गेले, असे मानणे म्हणूनच सयुक्तिक ठरते. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीत एका शैलीच्या पोटात उपशैली आल्या, १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीपासून नमुना आरेखनाची जागा टेम्प्लेट फाइलने घेतली आणि २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऑटोकॅड २००८’मध्ये कागदावरील प्रमाणानुसार आपोआप लहानमोठी होणारी मापे आली.

या उगमाचा एक परिणाम अद्याप टिकून आहे. चलांच्या यादीत केवळ रूप ठरवणारे चल नव्हते. प्रत्यक्ष आकडा बदलणारेही होते. गाठोडे बांधताना दोन्ही एकत्र बांधले गेले. मापनशैलीचे खरे सामर्थ्य माप आणि त्याचे रूप वेगळे ठेवण्यात आहे : माप आकृतीचे, रूप कचेरीच्या शिस्तीचे. गुणक, पूर्णांकन व सहिष्णुता (मापात चालणारा कमीजास्त फरक) या तीन बाबी ही सीमा ओलांडतात. शैली वापरताना होणाऱ्या गंभीर चुका बहुतेक याच तीन ठिकाणी होतात.

प्रमाण : प्रत्यक्षात ६ मीटर लांब असलेली खोली संगणकात ६००० मिलिमीटर लांबच काढली जाते, लहान होते ती छापताना. आकड्याची उंची मात्र कागदावर ठरावीक हवी. ती २.५ मिमी. हवी असेल आणि आराखडा १:५० प्रमाणात छापायचा असेल तर आकृतीच्या अवकाशात अक्षरे १२५ मिमी. उंच लागतात, १:१०० साठी २५० मिमी. शैलीत उंची २.५ च ठेवायची आणि ‘डिमस्केल’ या चलाला ५० किंवा १०० ही किंमत द्यायची, ही जुनी रीत. तीत प्रत्येक प्रमाणासाठी एक स्वतंत्र शैली करावी लागते. अनेक कचेऱ्यांच्या टेम्प्लेटमध्ये ‘डिम५०’, ‘डिम१००’ अशी नावे आढळतात ती त्यामुळे. ‘डिमस्केल’ शून्य ठेवल्यास लेआउटमधील, म्हणजे छापायच्या पत्राच्या मांडणीतील, आकृती दाखवणाऱ्या खिडकीच्या प्रमाणावरून गुणक काढला जातो. प्रमाणसापेक्ष शैलीत एकाच मापाला अनेक प्रमाणे जोडता येतात, मात्र कोणत्या खिडकीत कोणते प्रमाण दिसते याकडे सतत लक्ष द्यावे लागते. चौथा मार्ग मापे थेट लेआउटवर काढण्याचा.

याच्याशी नावाने जवळचे, पण स्वभावाने अगदी निराळे चल म्हणजे ‘डिमएलफॅक’. ते अक्षरांना हात लावत नाही, मोजलेल्या अंतराला गुणते. एखादा बारीक तपशील पाचपट मोठा करून त्याच पत्रावर काढला तर खरे माप दिसण्यासाठी तेथे ०.२ हा गुणक देतात. काम झाल्यावर ती शैली चालू राहिली आणि पुढची मापे तिच्यातच पडली, तर १५० मिमी. लांब कडेवर ३० हा आकडा येतो आणि आरेखनात कोठेही इशारा दिसत नाही. असा गुणक लागलाच तर शैलीच्या नावात ‘पाचपट’ अशी स्पष्ट खूण ठेवणे इष्ट.

पूर्णांकन : दशांश स्थळे शून्य ठेवणे ही बांधकामाच्या आराखड्यांत सर्वमान्य रीत आहे. भिंतीवर ३३३.४ मिमी.चे तीन भाग असतील तर शैली प्रत्येकावर ३३३ दाखवते आणि एकूण लांबी १०००.२ असल्याने तिच्यावर १००० दाखवते. साखळीतील मापांची बेरीज ९९९ येते, एकूण माप १००० राहते आणि साइटवर एक मिलिमीटरचा वाद सुरू होतो. यात शैली चुकलेली नसते. आकृती नीट आकड्यांवर काढलेली नसते आणि शैलीने ते झाकलेले असते. तपासणीपुरती तीन-चार दशांश स्थळे असलेली एक शैली टेम्प्लेटमध्ये ठेवून सगळी मापे तात्पुरती तिच्यात पाहणे, हा यावर सर्वांत सोपा उपाय.

दुहेरी एकके दाखवण्याची सोयही जपून वापरावी लागते. मिलिमीटरसोबत फूट-इंच हवे असल्यास इंचाचा गुणक ०.०३९३७ लागतो. कोणी तो ०.०४ असा आटोपशीर लिहिला तर ३०४८ मिमी., म्हणजे नेमके १० फूट, १२१.९२ इंच होतात आणि पत्रावर जवळजवळ १० फूट २ इंच उमटतात.

सहिष्णुता : धन-ऋण फरक शैलीतच भरण्याची सोय आहे. खालच्या फरकाची किंमत आज्ञावली आपणहून ऋण धरते. त्यामुळे ०.०२ लिहिल्यास −०.०२ उमटते आणि −०.०२ लिहिल्यास +०.०२ होते. नवशिक्या आरेखकाला हे हमखास चकवते. अधिक मूलभूत प्रश्न असा की सहिष्णुता ही त्या विशिष्ट भोकाची किंवा दांड्याची असते, कचेरीची नव्हे. ती मूळ शैलीत भरली तर पत्रावरील प्रत्येक मापाला तोच फरक चिकटतो. काही कार्यालये प्रत्येक फरकासाठी स्वतंत्र शैली करतात. काही ती त्या मापापुरता अपवाद म्हणून देतात. दुसरी रीत अधिक रास्त वाटते, कारण शैलींची संख्या आटोक्यात राहते.

उपशैली व अपवाद : एका शैलीखाली रेषीय, कोनीय, त्रिज्या, व्यास, सहनिर्देशक व निर्देशरेषा यांसाठी वेगळे नियम ठेवता येतात. वास्तुरचनाकार रेषीय मापांना तिरकी टीक लावतात आणि त्रिज्येला मात्र बाणच ठेवतात. ही सोय उपशैलीमुळे दोन शैली न करता मिळते. फाइलमध्ये उपशैलीचे नाव मूळ नावाला डॉलरचिन्ह व अंक जोडून साठवले जाते. रेषीयासाठी शून्य, व्यासासाठी तीन, त्रिज्येसाठी चार. एखाद्या मापापुरता केलेला अपवाद त्या मापाच्या जोडमाहितीत राहतो आणि मूळ शैली बदलली तरी टिकतो. सगळी मापे बदलली, दोनच जुन्या रूपात राहिली, याचे कारण बहुधा हेच असते. आकड्याच्या जागी हाताने मजकूर लिहिणे हा अपवादांतला सर्वांत घातक प्रकार : तेव्हा माप आकृतीपासून तुटते. आकड्यासोबत ‘टिपिकल’ (अशा सर्व ठिकाणी हेच माप) किंवा ‘४ भोके’ असे लिहायचे असल्यास कोनी कंसांची जोडी, < >, राहू द्यावी. खरे माप तेथेच उमटते.

नावांचा संघर्ष : एका आरेखनातील भाग दुसऱ्यात चिकटवला आणि दोन्हींत एकाच नावाच्या शैली असल्या, तर यजमान आरेखनातील व्याख्या टिकते. आलेली मापे चिकटवताच किंवा पुढे हात लागताच यजमानाचे रूप घेतात. म्हणून मूळ पुरवलेल्या ‘स्टँडर्ड’ किंवा ‘आयएसओ-२५’ शैलीत थेट बदल करू नयेत. तिच्यावरून स्वतःच्या नावाची शैली करावी. संदर्भ म्हणून जोडलेल्या आरेखनातील शैलींना फाइलचे नाव आधी लागते, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. शैली एका फाइलमधून दुसरीत नेण्यासाठी ऑटोकॅड २००० पासून ‘डिझाइन सेंटर’ ही सोय आहे. कार्यालयाच्या मानक फाइलशी थर, अक्षरशैली, रेषाप्रकार व मापनशैली या चार बाबी ताडून पाहण्याची सोय २००१ मध्ये आली.

मानके : मिलिमीटरच्या टेम्प्लेटमधील ‘आयएसओ-२५’ या नावातील २५ म्हणजे २.५ मिमी. उंचीची अक्षरे. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, हिच्या ३०९८ क्रमांकाच्या मानकात अक्षरांच्या उंचीची १.८, २.५, ३.५, ५, ७, १० अशी श्रेणी दिली आहे. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.४ पट, कागदाच्या ए-मालिकेत वापरलेल्या त्याच गुणोत्तराची. त्यामुळे ए३ वरचे आरेखन ए४ वर लहान केले तरी ३.५ ची अक्षरे मालिकेतल्याच २.५ वर येतात.

‘स्टँडर्ड’ शैलीत आकडा आडवा व मापरेषा तोडून मध्ये, तर ‘आयएसओ-२५’मध्ये मापरेषेला समांतर व तिच्या वर. पहिली मांडणी एएसएमई या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या वाय १४.५ या मानकाच्या प्रथेजवळची, दुसरी आयएसओ १२९ च्या. एएसएमईप्रमाणे मिलिमीटरच्या मापात एकाहून कमी किमतीला आधी शून्य लिहितात व शेवटची निरर्थक शून्ये गाळतात. इंचाच्या मापात उलट, आधीचे शून्य गाळतात आणि दशांश स्थळे सहिष्णुतेच्या स्थळांइतकी ठेवतात. शैलीतील शून्य गाळण्याची खूण यासाठीच आहे.

भारतात भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११६६९ (१९८६) हे मापांकनाच्या सामान्य तत्त्वांचे मानक व विद्यार्थ्यांसाठीची एसपी ४६ ही पुस्तिका प्रमाण मानली जाते; इमारतींच्या आराखड्यांसाठी आयएस ९६२ आहे. ‘आयएसओ-२५’ भारतीय कामाला जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, आपल्याकडे बिंदू चालतो; १२,५ हा आकडा लेथवरच्या कामगाराला गोंधळात टाकू शकतो. तिच्यात वस्तूची कड व विस्ताररेषा यांमध्ये ०.६२५ मिमी. फट असते, तर आपल्या तंत्रनिकेतनांत यांत्रिक आरेखनात बहुधा फट न ठेवता रेषा काढायला शिकवतात. बाणाग्राची लांबी रुंदीच्या तिप्पट हा नियम मात्र दोन्हीकडे जुळतो. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांकडे जर्मन, जपानी व अमेरिकी ग्राहकांची आरेखने येतात. तेथे प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी शैली ठेवणे सोयीचे ठरते.

इतर प्रणाली : सॉलिडवर्क्समध्ये मानक दस्तऐवजाच्या पातळीवर निवडले जाते व ते वेगळ्या फाइलमध्ये साठवून सर्वांना देता येते. इन्व्हेंटरमध्ये शैलींचे सामाईक ग्रंथालय असते. रेव्हिटमध्ये शैलीऐवजी मापांचे ‘टाइप’ असतात. ते एका प्रकल्पातून दुसऱ्यात हलवता येतात. त्रिमितीय प्रतिकृतीवरच मापे व सहिष्णुता जोडण्याच्या पद्धतीसाठी एएसएमई वाय १४.४१ (२००३) व आयएसओ १६७९२ (२००६) ही मानके आली. तीत सहिष्णुता ही त्या पृष्ठभागाची माहिती म्हणून प्रतिकृतीतच नोंदली जाते आणि शैलीकडे दाखवण्याचे कामच उरते.