रंगीत टेप आणि पांढरी टेप: एक ताणते, दुसरी अडवते

खेळाडूंच्या खांद्या-गुडघ्यांवर निळ्या, गुलाबी, काळ्या पट्ट्या दिसायला लागल्यापासून एक घोळ कायमचा होऊन बसला आहे. पाय मुरगळला की माणूस 'ती खेळाडू लावतात ती टेप' मागतो आणि हातात पडते रंगीत, ताणणारी किनेसिओलॉजी टेप. त्याला हवी असते बहुतेकदा दुसरीच. पांढरी, अजिबात न ताणणारी, जिला झिंक ऑक्साइड टेप किंवा नुसतं स्पोर्ट्स टेप म्हणतात.

दोन्हींचा एकेक तुकडा हातात घेऊन बघा. पांढरी टेप लांबीत कितीही ओढा, ढिम्म हलत नाही. मात्र कडेला दोन्ही अंगठे जवळ आणून झटका दिला की टर्रकन आडवी फाटते, कात्री लागत नाही. रंगीत टेपचं सगळं उलटं. हातानं फाटत नाही, लांबीत ओढली तर जवळजवळ दीडपट होते, आणि सोडली की परत आखडते. एका टेपचं काम सांध्याला अडवणं, दुसरीचं सांध्याबरोबर जाणं. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात. म्हणून पांढरी टेप बांधताना पाऊल काटकोनात ठेवतात, नडगीवर आणि पावलावर एकेक पट्टी जहाजाच्या नांगरासारखी, बाकीच्या पट्ट्यांना धरून ठेवायला लावतात, आणि मग आतल्या बाजूनं सुरुवात करून, टाचेखालून काढून, बाहेरच्या बाजूला वर खेचत नेतात. ही खेचण्याची दिशा चुकली तर अख्खं रीळ संपवूनही काही उपयोग नाही. एकदा घोटा मुरगळलेल्यांना खेळताना टेप किंवा ब्रेस (घोट्यावर चढवायचा तयार पट्टा) वापरल्यानं पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, याला चांगला आधार आहे. खोट एवढीच की अर्ध्या तासाच्या धावपळीत आणि घामात तिची पकड बरीच सैल होते, आणि खेळ संपला की ती काढायची असते. रोजच लागणार असेल तर माझं मत सरळ ब्रेसच्या बाजूनं. सैल झाला तर आपला आपण आवळता येतो, बांधायला दुसऱ्याचे हात लागत नाहीत.

रंगीत टेप १९७० च्या दशकात जपानच्या केंझो कासे यांनी काढली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर झाली. ती कातडी किंचित उचलते, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारतं, सूज ओसरते, असं सांगितलं जातं. पण ती खोटीखोटी, बिनताणाची लावून तुलना केली तेव्हा बहुतेक वेळा फरक फारच थोडा निघाला. वेदना थोडी आणि थोडा वेळ कमी होते, एवढंच हाती लागतं. स्नायूंची ताकद वाढते असंही ठामपणे दिसलेलं नाही. रंगांचं म्हणाल तर तो फक्त रंग. काळी टेप जास्त जोरकस नसते.

मग ती निरुपयोगी का? नाही. ताठ बसून मानेपासून खाली पाठीवर दोन पट्ट्या लावा आणि कामाला लागा. पोक काढलं की कातडी ओढली जाते आणि लक्षात येतं. ही आठवण करून देण्याची नोकरी ती चोख करते. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यात कुणाला तिनं बरं वाटलं आणि त्या जोरावर व्यायाम नीट झाला, तर तेही पुष्कळ. शिवाय ती तीन-पाच दिवस टिकते, अंघोळीलाही दाद देत नाही.

ती लावताना मात्र लोक हमखास एक चूक करतात, मीही केली. जितका ताण तितका आधार, या हिशेबानं मी पट्टी टोकापर्यंत खेचून चिकटवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांशी पाण्याचे फोड. टोकाचे दोन-दोन बोटं भाग बिनताणाचे ठेवायचे, कोपरे गोल कापायचे म्हणजे कपड्यात अडकून उचकटत नाहीत, आणि लावल्यावर तळव्यानं चोळायचं, कारण तिचा डिंक उबेनं धरतो. कातडी कोरडी हवी. तेल-क्रीम लावलेल्या अंगावर ती तासभरही राहणार नाही.

खरा धोका अदलाबदलीत आहे. लचकणाऱ्या घोट्याला रंगीत पट्टी लावून मैदानात उतरलात तर आधार नाही, नुसता धीर मिळतो. आणि नुकत्याच मुरगळलेल्या, सुजत चाललेल्या घोट्याभोवती पांढरी टेप गोल गोल आवळलीत तर सूज वाढेल पण टेप ताणणार नाही, आणि रक्तपुरवठा अडेल. तिथं पहिले दिवस क्रेप बँडेजच बरं, तेही करकचून नाही. कोणतीही टेप बांधल्यावर बोटाचं नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत लाली परत आली पाहिजे. बोटं गार पडली, मुंग्या आल्या, की सोडवायची.

दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल, तर टेपचा विचार नंतर, आधी एक्स-रे. फाटलेल्या कातडीवर, मधुमेहानं संवेदना कमी झालेल्या पायावर दोन्ही टेप स्वतःच्या मनानं लावू नयेत. एकच पोटरी अचानक सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर ती रक्ताची गाठ असू शकते, तिथं टेप नव्हे, डॉक्टर.

काढताना पट्टीवर तेल चोळून पाच-दहा मिनिटं थांबा. मग टेप वर खेचण्याऐवजी कातडी बोटानं खाली दाबत, केसांच्या दिशेनं ती सावकाश मागे दुमडत न्या.