पिकअप तीन लाख किलोमीटरवर गेली, आता आधी काय बदलायचं?

पासिंगची तारीख जवळ आली की गॅरेजांपुढे पिकअप उभ्या राहायला लागतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्यामुळे वर्षभर टाळलेली कामं त्या आठवड्यात निघतात. बंद पडलेले दिवे लागतात, पत्रा ठोकला जातो, हौद्यावर रंगाचा हात फिरतो. मेकॅनिकचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "आवाज कुठून येतोय?"

तीन लाख किलोमीटर धावलेल्या आणि गेली दोन-तीन वर्षं नुसतं डिझेल टाकून पळवलेल्या गाडीला हा प्रश्न पुरत नाही. आवाज करतं ते लोखंड. झिजलेला बुश, तुटलेला पाटा, सैल झालेला क्रॉस, हे सगळे बोलके भाग. ते स्वतःच तक्रार नोंदवतात. पण देखभाल थकलेल्या गाडीत त्यांच्या आधी म्हातारी होतात ती तेलं, कुलंट आणि रबर, आणि त्यांचा काहीच आवाज येत नाही. त्यातही जीवाशी गाठ असलेलं द्रव सगळ्यात थोडं असतं. ब्रेक ऑइल भरून भरून किती, तर लिटरभराच्या आसपास.

सासवडकडून अंजीर, सीताफळ, वाटाणा घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डाला येणारी पिकअप दिवे घाट भरलेली उतरते आणि रिकामी चढते. इंजिनाची यात चैन आहे आणि ब्रेकला शिक्षा. गणित सोपं आहे. माल धरून तीन टनांची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे ३० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत जवळजवळ ९ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा उष्णता होऊनच जाणार. थोडी हवेचा आणि टायरचा विरोध खातो, गिअर खालचा असेल तर बरीच इंजिन खातं, आणि उरलेली ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि त्यांवर घासणाऱ्या लायनरच्या वाट्याला येते. न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्याच्या बाबतीत 'उरलेली' म्हणजे जवळजवळ सगळी.

न्यूट्रलने डिझेल वाचतं, ही समजूत कॉमन रेल, म्हणजे संगणक डिझेल सोडतो अशा, इंजिनांच्या काळात तर उलटीच ठरते. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंजेक्टर बंद करतो. डिझेल जवळजवळ शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर फिरतं आणि डिझेल पीत राहतं. इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांना तर हात जोडावेत. ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

आता ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते तेव्हा काय होतं ते पाहू. ब्रेक ऑइलला आपण 'ऑइल' म्हणतो, पण बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल-ईथर जातीचं रसायन असतं आणि त्याला पाण्याची ओढ असते. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून हवेतली ओल ते वर्षभर शोषत राहतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नवं कोरं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की हा आकडा १४० पर्यंत घसरू शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. चार थेंब पाण्याने पासष्ट-पंच्याहत्तर अंशांचा फरक पडतो.

उकळलं तर बिघडलं कुठे? द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा दाब थेट चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली जाते. चाकाच्या डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरजवळ थोडीशी वाफ झाली तरी पेडल मऊ पडतं आणि थेट खाली जातं. ड्रायव्हर कसाबसा हँडब्रेक आणि गिअरवर गाडी कडेला घेतो, अर्ध्या तासात सगळं थंड होतं, वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल पहिल्यासारखं लागतं. गॅरेजात मेकॅनिक दहा वेळा दाबून बघतो आणि म्हणतो, "ब्रेक तर ओके आहेत." तो खोटं बोलत नसतो. पासिंगच्या वेळीही ब्रेक तपासले जातात ते सपाटीवर आणि घाट न उतरलेल्या गाडीचे. तिथे हा दोष पकडला जाण्याचं काही कारण नाही.

घाटात ब्रेक जाण्याचा दुसरा प्रकार याहून वेगळा आहे आणि दोन्हींची सर्रास गल्लत होते. लायनर फार तापले की त्यांची पकड कमी होते. तेव्हा पेडल पायाला घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही, आणि बहुधा जळका वास येतो. पेडल खाली गेलं तर संशय ब्रेक ऑइलवर. घट्ट राहूनही गाडी सुटली तर लायनर, ड्रम आणि आपल्या उतरण्याच्या पद्धतीवर. मेकॅनिकला एवढं नीट सांगितलं तरी निम्मं निदान होतं.

म्हणून थकलेल्या कामांच्या यादीत माझा पहिला नंबर ब्रेक ऑइलचा. साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं. टाकीत वरून थोडं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या ब्लीडिंग स्क्रूमधून जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ते सोडावं लागतं. बाटली सीलबंद हवी. गॅरेजच्या फळीवर सहा महिने अर्धी उघडी पडलेली बाटली पाणी पिऊनच बसलेली असते. आणि इंजिन ऑइलचं नरसाळं इथे अजिबात नको: ब्रेकची रबरी सीलं खनिज तेलात फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून सगळंच बदलायची वेळ येते.

इंजिन ऑइलकडे वळायच्या आधी रंगाचा विषय संपवू. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं. ती काजळी आहे, आणि ती सुटी-सुटी धरून ठेवणं हेच त्यातल्या डिटर्जंटचं काम आहे. काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल असं नाही. खराब होतात ती त्यातली मिसळलेली रसायनं: आम्ल मारणारी, झीज थांबवणारी, काजळी धरणारी. ती खर्च होतात आणि नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. शिवाय तापमानाचा हिशेब आहे. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांच्या वाढीला ऑइलचं ऑक्सिडीकरण दुप्पट वेगाने होतं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तास-तास इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी किलोमीटर जोडत नाही, पण ऑइल मात्र जुनं होत राहतं.

"इतकी वर्षं बदललं नाही, आता बदललं तर इंजिन बसेल," असं सांगणारे बरेच भेटतात. यात तथ्याचा एक कण आहे. वर्षानुवर्षं साचलेला चिकट गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो आणि बेअरिंग उपाशी राहतात. म्हणजे जोरकस फ्लशिंगची बाटली अशा इंजिनात ओतू नये, एवढंच. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं साधं चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर टाकावा, नेहमीच्या निम्म्या अंतरावर दोन्ही पुन्हा बदलावेत, म्हणजे गाळ हळूहळू, फिल्टरमधून निघतो. मधल्या काळात दर आठवड्याला डिपस्टिक बघावी. म्हाताऱ्या इंजिनाचं ऑइल खाणं समजू शकतो. पातळी वाढत असेल तर मात्र डिझेल किंवा कुलंट आत उतरतंय, आणि ऑइल दुधाळ दिसलं तर तसंच गाडी चालवत राहू नये.

कुलंटच्या जागी बोअरचं पाणी, ही आपली जुनी खोड. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरची टोपी आतला दाब ०.९ बारने वाढवते, म्हणून ते ११५ अंशांच्या पुढेही द्रव राहतं. टोपीचं रबर कडक झालं की ही सवलत संपते आणि गाडी विनाकारण 'गरम' व्हायला लागते. नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलात तर ही टोपी आणि थर्मोस्टॅट आधी घ्या, वॉटर पंपावर संशय नंतर. जड पाण्याचे क्षार आत थर धरतात आणि उष्णता वाहून नेण्यात हा थर ॲल्युमिनियमच्या शंभर पटींनी मागे असतो. कुलंटमधली गंजरोधक रसायनंही मुदतीने संपतात, म्हणून तेही काही वर्षांनी काढून टाकायचंच.

बाकीचं भराभर. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो किलोमीटर कमी झाले तरी वयावर बदलावा, कारण तो रबराचा आहे आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकवून जातो. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी सोडावं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर तडकलेलं असू शकतं.

आणि हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा. त्यातल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते जोराने घासतही जातात. साधं तेल त्या दाबाखाली पिळून निघून जातं. म्हणून तिथल्या 'नव्वदच्या ऑइल'मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. तापलेल्या दातांवर ती रासायनिक थर तयार करतात आणि धातू धातूला चिकटू देत नाहीत. तो कुबट, उग्र वास त्या गंधकाचाच. हे ऑइल कुणी बघतच नाही, कारण ते खालून, मागून आणि चिखलाआडून बघावं लागतं. बदलायला घेतलंत तर एक करा: खालचा बोल्ट सोडायच्या आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. इतक्या वर्षांत तो गंजून बसलेला असतो, आणि हौसिंग रिकामं करून ठेवल्यावर तो सुटत नाही असं कळलं, तर गाडी टो करूनच न्यावी लागते.