बटणांवरील विशेष चिन्हे

सॉफ्टवेअरमधील बटणावर शब्दाऐवजी किंवा शब्दाच्या जोडीने &, ⌫, ⇧, ⌘, × यांसारखे चिन्ह दाखविण्याची पद्धत. पडद्यावरील कळफलक, गणकयंत्र, मजकूर-संपादक आणि शॉर्टकट दाखविणारे मेनू यांत ती विशेष आढळते. असे चिन्ह चित्रासारखे दिसले, तरी बहुतेक वेळा ते एक अक्षरच असते. त्यामुळे बटण तयार करणाऱ्या प्रणालीचे लेखननियम, अक्षराचा सांकेतांक (त्याला संगणकासाठी दिलेला ठरावीक क्रमांक) आणि संगणकावरील फॉन्ट या तिन्हींचा मेळ बसला, तरच ते अपेक्षेप्रमाणे उमटते.

सर्वांत साधी आणि तरीही वारंवार येणारी अडचण & या चिन्हाची आहे. विंडोजच्या मूळ बटणांत आणि खिडक्या व बटणे तयार करून देणाऱ्या क्यूटी या प्रणालीत बटणाच्या मजकुरातील & छापले जात नाही; त्याच्या पुढचे अक्षर आल्ट कळीबरोबर दाबायचे आहे एवढीच सूचना ते देते आणि त्या अक्षराखाली रेघ उमटते. म्हणून प्रत्यक्ष & दाखवायचे असल्यास ते दोनदा लिहावे लागते. जीटीके आणि डब्ल्यूपीएफ या तशाच प्रणालींनी हेच काम अधोरेषेकडे (_) सोपविले आहे, त्यामुळे तेथे अधोरेषा दोनदा लिहावी लागते. डब्ल्यूपीएफचा आराखडा एक्सएमएल या खुणांनी मजकूर मांडण्याच्या भाषेत लिहिला जात असल्याने तेथे एकटे & लिहिणेही चालत नाही, कारण एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाने वेगळ्याच संकेताची सुरुवात होते. जावाच्या स्विंग प्रणालीत आल्टची कळ वेगळ्या सूचनेने ठरविली जाते आणि मजकूर जसाच्या तसा दिसतो. ही रचना अधिक स्वच्छ म्हणावी लागेल, कारण तीत दाखविण्याचा मजकूर आणि प्रणालीला दिलेली आज्ञा यांची सरमिसळ होत नाही.

टॅब, एंटर, बॅकस्पेस अशा कळींबाबत प्रश्न निराळा असतो. टॅब कळीने मजकुरात जाणारे अक्षर (सांकेतांक ९) हे नियंत्रण-अक्षर असून त्याला स्वतःचे दृश्य रूप नाही; ते बटणावर लिहिल्यास कोरी जागाच दिसते. बटणासाठी कळीचे चिन्ह, म्हणजे ⇥, हे स्वतंत्र अक्षर वापरावे लागते. कळफलकावरील अशा चिन्हांचे प्रमाणीकरण आयएसओ/आयईसी ९९९५ या मानकाच्या सातव्या भागात केलेले आहे, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना सांकेतांक देणाऱ्या मानकात, त्यांतील अनेक चिन्हे ‘संकीर्ण तांत्रिक’ या गटात आहेत. ⌘ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चिन्ह. मॅकिंटॉश (१९८४) तयार होत असताना मेनूंमध्ये प्रत्येक शॉर्टकटपुढे ॲपलचे बोधचिन्ह दिसू लागले, ते ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांना खटकले, आणि चिन्हांची आखणी करणाऱ्या सुझन केअर यांनी त्याऐवजी स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दर्शविणारे हे चिन्ह निवडले. युनिकोडमध्येही त्याचे नाव ‘प्रेक्षणीय स्थळाचे चिन्ह’ असेच असून त्याचा सांकेतांक २३१८ (षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरील पद्धतीत) आहे.

सांकेतांक बरोबर असला, तरी फॉन्टमध्ये ती आकृती नसेल तर रिकामी चौकट दिसते. संगणक अशा वेळी दुसऱ्या फॉन्टमधून आकृती उसनी घेतो खरा, पण ती शेजारच्या अक्षरांहून लहान किंवा जाड निघते, किंवा बटणाच्या मध्यापासून वरखाली सरकलेली दिसते. चालू-बंद दर्शविणारे ⏻ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१६ मध्ये, म्हणजे नवव्या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टांकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. ▶ सारख्या काही चिन्हांना इमोजीचे रंगीत रूपही आहे. साधेच रूप हवे असल्यास चिन्हामागे एक अदृश्य निवड-अक्षर जोडावे लागते.

या अनिश्चिततेवरचा जुना उपाय म्हणजे चिन्हांसाठीच बनविलेला फॉन्ट. विंडोज ९५ पासून खिडकी बंद करण्याचे, लहान व मोठी करण्याचे चिन्ह मार्लेट या फॉन्टमधून येई. त्यात इंग्रजी आर या अक्षराच्या जागी फुली आणि ०, १ या अंकांच्या जागी इतर चिन्हे बसविलेली होती. तो फॉन्ट बिघडला, की खिडक्यांच्या कोपऱ्यांत चक्क ०, १ आणि आर दिसू लागत. नंतरच्या चिन्ह-फॉन्टांनी सामान्य अक्षरांच्या जागा बळकावण्याऐवजी युनिकोडमधील खासगी वापराचा विभाग घेतला. युनिकोडच्या पहिल्या भागात, म्हणजे मूळ बहुभाषिक प्रतलावर, त्यात ६,४०० जागा आहेत. आज वेबवर एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनातून उमटणाऱ्या) चित्रांचा वापर वाढला आहे. दिसण्याची हमी हवी असेल, तर चित्र हाच भरवशाचा मार्ग आहे. मात्र वापरणाऱ्याच्या कळफलकावर जे चिन्ह छापलेले आहे तेच दाखवायचे असेल, तेव्हा अक्षर पुरते.

पडदा-वाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली, वापरणाऱ्यांचा विचार या विषयात बहुधा शेवटी होतो. बंद करण्याच्या बटणावरील × हे युनिकोडच्या दृष्टीने गुणाकाराचे चिन्ह असल्याने वाचक-प्रणाली ते तसेच उच्चारू शकते. वेबपृष्ठांत आरिया-लेबल या गुणधर्माद्वारे बटणाला ‘बंद करा’ असे वाचनीय नाव देता येते. गणकयंत्राच्या वजाबाकीच्या बटणावर संयोगचिन्ह लिहिण्याचा प्रघातही असाच सैल आहे. वजाचे खरे चिन्ह (षोडशमान सांकेतांक २२१२) वेगळे असून ते अधिकच्या चिन्हाइतकेच रुंद असते.

अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांत कंसांच्या आकृती आपोआप उलटतात, बाण मात्र उलटत नाहीत. ‘मागे’ या बटणावरील बाण तेथे प्रोग्रामरलाच फिरवावा लागतो. ध्वनिफीत सुरू करण्याचे ▶ हे चिन्ह मात्र फितीच्या सरकण्याची दिशा दाखवीत असल्याने तेथेही डावीकडून उजवीकडेच ठेवले जाते.