व्हिडिओतली जाहिरात, ती वगळणारा प्रेक्षक आणि क्रिएटरचे पैसे

स्पॉन्सरब्लॉक हे ब्राउझर एक्स्टेन्शन २०१९ मध्ये आलं. कॅनडातल्या अजय रामचंद्रन या प्रोग्रामरने ते लिहिलं. यूट्यूबरने स्वतःच्या तोंडून केलेली, व्हिडिओतच गुंफलेली जाहिरात ते आपोआप ओलांडतं. तेव्हापासून एक वाद अधूनमधून उफाळून येतो: असं करणं म्हणजे क्रिएटरच्या पोटावर पाय देणं नाही का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. पण त्याचं उत्तर २०१९ च्या बरंच मागे जाऊन शोधावं लागतं.

पैसे घेऊन कार्यक्रमातच मालाचं नाव घ्यायची पद्धत रेडिओने पाडली. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावरून क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने जॅक्सन हाइट्समधल्या आपल्या घरांची माहिती पैसे मोजून ऐकवली. पुढच्या काळात तिथे प्रायोजकच कार्यक्रमाचा धनी झाला आणि निवेदक गप्पांच्या ओघात साबणाचं कौतुक करू लागला. आपल्याकडे ही सवय श्रीलंकेमार्गे आली. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे आणि टेप कोलंबोला जायच्या. टूथपेस्टचं नाव कार्यक्रमाच्या नावातच होतं, त्यामुळे ती जाहिरात कुणाला वगळताच आली नसती. अखेर आकाशवाणीनेही १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तीही मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांपासून.

वगळण्याचं साधन प्रेक्षकाच्या हाती आलं ते व्हीसीआरमुळे. घरी कार्यक्रम टेप करून नंतर बघणं कायदेशीर आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या बेटामॅक्स या व्हीसीआरवरच्या खटल्यात दिला. पाच विरुद्ध चार, म्हणजे अगदी थोडक्यात. २००१ मध्ये रिप्लेटीव्हीच्या यंत्राने जाहिराती आपोआप गाळायला सुरुवात केली, तेव्हा स्टुडिओ आणि वाहिन्या कोर्टात गेल्या. निकाल लागण्याआधीच २००३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. त्याच सुमारास टर्नर ब्रॉडकास्टिंग या अमेरिकी टीव्ही कंपनीचे प्रमुख जेमी केलनर यांनी जाहिरात गाळणं ही चोरीच आहे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. कार्यक्रम बघायचा तर जाहिरातही बघायची, असा प्रेक्षकाचा वाहिनीशी करार असतो, हे त्यांचं म्हणणं. असा करार कुणी कधी केला होता? २०१२ मध्ये डिश नेटवर्क या उपग्रह-टीव्ही कंपनीने जाहिराती गाळणारं यंत्र आणलं, तेव्हा ते थांबवण्याची फॉक्स वाहिनीची मागणी अपील न्यायालयाने पुढच्याच वर्षी फेटाळली.

यूट्यूबने २००७ मध्ये जाहिरातींचं उत्पन्न निवडक क्रिएटरसोबत वाटून घ्यायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये पाच सेकंदांनंतरचं ‘स्किप’ बटण दिलं. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात. पण हा पैसा भरवशाचा नव्हता. २०१७ मध्ये द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात म्हणून मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि अशा व्हिडिओंशी काही संबंध नसलेल्या क्रिएटरचंही उत्पन्न घटलं. २०१८ च्या सुरुवातीला यूट्यूबने अट घातली: १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं प्रेक्षण, नाहीतर वाटा नाही. छोट्या चॅनेलांवर हा घाव होता. जाहिराती अडवणारे ॲडब्लॉकर होतेच. मग अनेकांनी प्रायोजकाशी थेट व्यवहार केला आणि जाहिरात व्हिडिओच्या आत आली.

या जाहिरातीचं भांडवल म्हणजे ओळखीच्या माणसावरचा विश्वास, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. प्रायोजकाची पारख क्रिएटरला करता येतेच असं नाही. असंख्य व्हिडिओंची प्रायोजक असलेल्या बेटरहेल्प या समुपदेशन सेवेने ग्राहकांच्या मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये पेपॅलच्या हनी या कूपन एक्स्टेन्शनवर आरोप झाला की, ज्या क्रिएटरना जाहिरातीचे पैसे दिले त्यांच्याच लिंकवरून झालेल्या खरेदीचं कमिशन ते ऐन वेळी स्वतःकडे वळवतं. भारतात जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे एएससीआयचा, इन्फ्लुएन्सरनी जाहिरात ही जाहिरात म्हणूनच दाखवावी असा नियम जून २०२१ पासून आहे.

आता स्पॉन्सरब्लॉक चालतं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. ते कुठलंही यंत्र जाहिरात ओळखतं म्हणून चालत नाही. कुणीतरी प्रेक्षक व्हिडिओ बघताना जाहिरात सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ नोंदवतो, बाकीचे त्या नोंदीवर मत देतात, आणि चुकीची नोंद मागे पडते. तुकड्यांचे प्रकारही वेगळे ठेवलेले आहेत: पैसे घेतलेली जाहिरात, स्वतःच्या टी-शर्टची जाहिरात, ‘लाइक करा, सबस्क्राइब करा’. कुठला प्रकार गाळायचा ते बघणारा ठरवतो, आणि आवडत्या चॅनेलला सूटही देता येते. तुम्ही कुठला व्हिडिओ बघताय, हे मात्र सर्व्हरला नेमकं कळत नाही. ब्राउझर व्हिडिओच्या क्रमांकाचा हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली अक्षरांची खूण, काढतो आणि त्यातली पहिली चारच अक्षरं पाठवतो. ती चार अक्षरं जुळणाऱ्या सगळ्या व्हिडिओंच्या नोंदी परत येतात आणि त्यातून आपली नोंद ब्राउझर स्वतः शोधतो. फुकट वाटल्या जाणाऱ्या साधनात एवढी काळजी घेतलेली बघून मला खरंच बरं वाटतं.

क्रिएटरचं नुकसान किती? प्रायोजक बहुधा ठरलेली रक्कम देतो, त्यामुळे एकाने तुकडा वगळला म्हणून ती कमी होत नाही. पण जाहिरातीत सांगितलेले सवलतीचे कूपन कोड किती वापरले गेले हे पुढच्या व्यवहारात मोजलं जातं, आणि व्हिडिओचा कुठला भाग किती जणांनी बघितला याच्या आलेखात जाहिरातीपाशी पडलेला खड्डा यूट्यूबरला दिसतोच. म्हणून वगळणाऱ्याने पैसे दुसऱ्या वाटेने पोचवावेत, असं मला वाटतं.

ती वाट जॅक कॉन्टे या संगीतकाराने रुंद केली. एका गाण्याच्या व्हिडिओवर त्याने सुमारे दहा हजार डॉलर घातले, लाखो लोकांनी तो बघितला, आणि जाहिरातींतून आलेली रक्कम अगदीच किरकोळ निघाली. त्यातून २०१३ मध्ये त्याने सॅम यॅमसोबत पेट्रिऑन उभं केलं: चाहत्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. पण इथे देणाऱ्याचं नाव, पत्ता, आवडनिवड एकाच ठिकाणी साठते. २०१५ मध्ये पेट्रिऑनची माहिती चोरीला जाऊन उघड झाली, त्यात देणगीदारांचे ईमेल आणि पत्तेही होते. कुणाचं राजकीय भाष्य किंवा कुणाची प्रौढांसाठीची चित्रं आपण पोसतो, हे जगाला कळणं साधी गोष्ट नाही. यूट्यूबचं २०१७ चं सुपर चॅट, म्हणजे थेट प्रक्षेपणात पैसे देऊन संदेश झळकवायची सोय, तर तमाशातल्या दौलतजाद्यासारखं आहे. पैसे देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर झळकतं. उलट टोकाला २०१५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेलं लिबरापे हे देणग्यांचं संकेतस्थळ. ते मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं, स्वतः कमिशन घेत नाही आणि देणाऱ्याला आपलं नाव झाकू देतं. पैसे मात्र पेपॅल किंवा स्ट्राइपमधूनच जातात, म्हणजे मधल्या कंपनीकडे नोंद राहतेच.

ही नोंदच राहू नये यासाठीचं गणित डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलं होतं. त्यावर उभी राहिलेली त्यांची डिजिकॅश कंपनी १९९८ मध्ये बुडाली. त्याच गणितावरचं ग्नू टेलर हे पैसे पाठवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्याची ओळख झाकतं आणि घेणाऱ्याचं उत्पन्न दिसू देतं, त्यामुळे कर चुकवायला ते उपयोगाचं नाही.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. रिझर्व्ह बँकेचा दरमहा आपोआप होणाऱ्या कार्ड-व्यवहारांबद्दलचा नियम १ ऑक्टोबर २०२१ ला लागू झाला आणि परदेशी संकेतस्थळांवरच्या अनेक भारतीयांच्या मासिक देणग्या बंद पडल्या. यूपीआयने एखाद्या मराठी यूट्यूबरला पन्नास रुपये पाठवणं सोपं आहे, पण त्याला आपलं बँकेतलं नाव दिसतं, आणि आयडी मोबाइल क्रमांकाचा असेल तर तोही. निदान क्रमांक उघडा पडू नये म्हणून बँकेच्या ॲपमध्ये वेगळा यूपीआय आयडी करून घेता येतो. नाव झाकायची सोय मात्र राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, द्यायला हवी: बँकेकडे नोंद पूर्ण राहावी आणि घेणाऱ्याला फक्त टोपणनाव दिसावं.